शून्यावरचा काटा

जुन्या गार्डन ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर बहुतेक वेळा एक लहानसा गोल अ‍ॅमीटर असतो आणि त्याचे शून्य डायलच्या मध्यावर असते. हे ट्रॅक्टर शेतातले नव्हेत. अमेरिकेत घराभोवतीच्या एक-दोन एकरांत गवत कापायला, बर्फ ढकलायला, परसातली वाफ्याएवढी जमीन नांगरायला बनवलेली ही छोटी यंत्रे. इंटरनॅशनल हार्वेस्टरने कब कॅडेट 1961 मध्ये आणला, जॉन डीअरचा 110 विस्कॉन्सिनमधल्या होरिकॉनच्या कारखान्यातून 1963 मध्ये बाहेर पडला, आणि त्या पिढीतली पुष्कळ यंत्रे आजही गॅरेजमध्ये आहेत, चालतातही. अ‍ॅमीटर सांगतो ते एवढेच, की बॅटरीत वीज जाते आहे की बॅटरीतून निघते आहे. काटा उजवीकडे झुकला तर बॅटरी भरते आहे, डावीकडे झुकला तर रिकामी होते आहे. बॅटरी पूर्ण भरलेली असेल आणि दिवे बंद असतील तर इंजिन धडधडत असतानाही काटा जवळजवळ शून्यावर राहतो, आणि ती सगळे ठीक असल्याची खूण मानतात. पण आत ओल शिरून काटा गंजाने धरला गेला असेल तरीही तो शून्यावरच राहतो. सीटवर बसलेल्याला दोन्ही वेळा दिसते ते अगदी एकच. मला या लेखात ज्या प्रश्नाकडे जायचे आहे तो धर्माचा आहे: देवाच्या मौनावरून नेमके काय सिद्ध होते? त्याकडे या बिघडलेल्या मीटरच्या वाटेने जावे असे वाटते, कारण मीटरविषयी चुकीचा निष्कर्ष काढला तर फार वाद घालावा लागत नाही. आठवडाभरात ट्रॅक्टर सुरू व्हायचा बंद होतो.

आत काय बिघडते ते आधी नीट पाहिले पाहिजे. या स्वस्त अ‍ॅमीटरची रचना फार साधी असते. विजेचा प्रवाह एका धातूच्या पट्टीतून जातो, पट्टीशेजारी काट्याला जोडलेला लोखंडाचा बारीक तुकडा असतो आणि एक कायमचा चुंबक त्या तुकड्याला मध्यावर धरून ठेवतो. प्रवाह वाहू लागला की पट्टीभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि काटा एका बाजूला ओढला जातो. प्रवाह थांबला की चुंबक त्याला पुन्हा मध्यावर आणतो. या ओढाताणीतला जोर अगदीच क्षीण असतो. आता ओल कशी शिरते? काचेखालचे गॅस्केट वर्षानुवर्षांच्या उन्हाने सुकून कडक होते. दिवसा ऊन आणि इंजिनची धग यांनी मीटरमधली हवा प्रसरण पावून बाहेर पडते, संध्याकाळी मीटर निवताना बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. तापलेल्या ट्रॅक्टरवर कुणी पाइपने गार पाणी मारले तर हवेऐवजी पाणीच आत जाते. मग काचेला आतून वाफ धरते, डायलवरचा रंग फुगतो, लोखंडी तुकड्यावर आणि खुंटीवर तांबूस बुरशीसारखा गंज चढतो. यात एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. असा ट्रॅक्टर वर्षातला बहुतेक काळ बंद उभा असतो, म्हणजे काटा बहुतेक काळ शून्यावर असतो, आणि गंज त्याला पकडतो तो जिथे तो सर्वांत जास्त वेळ उभा असतो तिथेच. त्यामुळे हा बिघाड वेड्यावाकड्या आकड्याच्या रूपाने क्वचितच समोर येतो. तो येतो शहाण्यासारखा, मध्यावर, निमूट.

सातव्या शतकाच्या आसपास भारतातल्या तर्कपंडितांनी नेमक्या याच अडचणीवर डोके झिजवले होते, अर्थात मीटरच्या नव्हे, घड्याच्या निमित्ताने. जमिनीवर घडा नाही हे मला कसे कळते? मीमांसक कुमारिल भट्टाच्या परंपरेने उत्तर दिले की अनुपलब्धी, म्हणजे न दिसणे, हे ज्ञानाचे स्वतंत्र प्रमाणच आहे. बौद्ध धर्मकीर्तीने तिला स्वतंत्र प्रमाण न मानता अनुमानातला एक हेतू मानले, आणि नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, तिसरीच वाट धरली. त्यांचे भांडण वर्गीकरणाचे होते. एका अटीवर मात्र सगळ्यांचे एकमत होते, आणि ती अट या सगळ्या चर्चेचा कणा आहे. न दिसण्यावरून नसणे तेव्हाच सिद्ध होते, जेव्हा ती वस्तू तिथे असती तर नक्की दिसली असती. उजेड आहे, डोळे धड आहेत, घडा हा डोळ्यांना दिसणारा पदार्थ आहे. आणि तरी दिसत नाही, म्हणून तो नाही. याला योग्यता म्हणत. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. पिशाचासारखी स्वभावतःच अदृश्य मानलेली वस्तू दिसली नाही, तर धर्मकीर्तीच्या मते त्यातून फार तर संशय निघतो, निश्चय निघत नाही. पिशाचाच्या बाबतीतही त्याने ‘नाही’ असे फटकन म्हटले नाही, हा त्याच्या तर्काचा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

या अटीच्या उजेडात मीटरची दुरुस्ती पाहिली की तिचे खरे स्वरूप कळते. दुरुस्ती करणारा आधी बॅटरीची ऋण तार काढतो, मीटर बाहेर घेतो आणि काचेभोवतीचे दुमडलेले कडे लहान स्क्रू-ड्रायव्हरने थोडे थोडे करत गोलाकार उचकटतो. इथे घाई केली की कडे फाटते. डायल पुसायला तो स्पिरिट वापरत नाही, कारण छापलेले आकडे त्याबरोबर निघून येऊ शकतात. कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ झटकतो. खुंटीजवळचा गंज टूथपिकच्या टोकाने खरवडतो. तेल सोडण्याचा मोह होतो, पण तेलावर धूळ बसते, ते घट्ट होते आणि इतक्या हलक्या काट्याला तेवढा अडथळाही पुरतो. काच परत बसवताना व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकोन टाळावे लागते, कारण सुकताना ते अ‍ॅसिटिक आम्ल सोडते आणि बंद डबीत तेच आम्ल धातू खाते. म्हणजे ओल बाहेर ठेवायला जे लावले तेच आत गंज चढवते. हे सगळे झाल्यावर परीक्षा येते, आणि लेखाचा सगळा भार या परीक्षेवर आहे. काटा शून्यावर आला म्हणून कुणी दुरुस्ती झाली असे म्हणत नाही. शून्यावर तर तो आधीही होता. मीटर परत जोडून इंजिन बंद ठेवायचे आणि पुढचे दिवे लावायचे. दोन्ही दिवे मिळून 50 वॉटचे असतील तर 12 व्होल्टवर साधारण 4 अ‍ॅम्पिअर प्रवाह बॅटरीतून निघाला पाहिजे, आणि काटा डावीकडे तेवढा झुकला पाहिजे. झुकला, आणि दिवे मालवल्यावर परत आला, की यापुढे त्याच्या शून्याला अर्थ आहे. दुरुस्तीने मीटरवरचा आकडा बदललेला नाही. काही घडले असते तर ते दाखवण्याची योग्यता त्याला परत मिळाली आहे, आणि तेवढ्यानेच त्याचे गप्प राहणे पुरावा ठरू लागले आहे.

आता देवाकडे येऊ. चार्वाकाचा जुना युक्तिवाद आहे की देव दिसत नाही, म्हणून देव नाही. दहाव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त त्याला दिलेले उत्तर मिश्कील आहे. नुसत्या न दिसण्यावरून वस्तू नाही असे ठरत असेल, तर चार्वाक घराबाहेर पडला की त्याची बायकापोरे त्याच्या दृष्टीने नाहीशीच झाली; त्याने तिथेच छाती पिटत बसावे, घरी परतूच नये. थट्टा बाजूला ठेवली तर मुद्दा योग्यतेचाच आहे. ईश्वर हा इंद्रियांना दिसणारा पदार्थ असल्याचे कुणी म्हटलेलेच नाही, तेव्हा तो न दिसण्यातून काही निघत नाही. मला हे उत्तर बिनतोड वाटते. आजही दुर्बिणीतून स्वर्ग दिसला नाही, अवकाशयात्रींना देव भेटला नाही अशा चालीचे युक्तिवाद ऐकू येतात, आणि उदयनाचार्यांना ते खोडायला एक ओळही पुरली असती. जिथे काटा हलण्याचा प्रश्नच नव्हता तिथे न हललेला काटा दाखवून आपण जिंकलो असे मानणारा नास्तिक गंजलेल्या मीटरकडे पाहून बॅटरी भरली आहे असे म्हणणाऱ्याच्याच पंगतीला बसतो.

पण या उत्तराची किंमत आहे, आणि ती आस्तिकाकडून सहसा वसूल केली जात नाही. देव कोणत्याही काट्याला हलवत नाही असे चार्वाकासमोर म्हटले, की मग दुसऱ्या दिवशी नवस फळला तेव्हा काटा हलला असे म्हणता येत नाही. आपल्याकडचा रिवाज नेमका उलटा आहे. पोरगे परीक्षेत पास झाले, दुखणे उलटले, पाऊस वेळेवर आला, तर ती देवाची कृपा. पोरगे नापास झाले, दुखणे बळावले, तर देवाची इच्छा, आपले प्रारब्ध, किंवा नवस बोलण्यात काहीतरी उणे राहिले असेल. असा काटा उजवीकडे मोकळा फिरतो आणि डावीकडे त्याला खिळा मारलेला असतो. ज्या मीटरला डावीकडे जाताच येत नाही, त्याचे उजवीकडे जाणेही बॅटरीविषयी काही सांगत नाही. ते बघणाऱ्याच्या इच्छेविषयी सांगते. माझा दावा असा आहे, आणि तो आस्तिक-नास्तिक दोघांनाही सारखाच लागू आहे: देवाच्या बोलण्याला किंवा मौनाला पुरावा म्हणून पुढे करणाऱ्याने काटा कोणत्या परिस्थितीत दुसरीकडे गेला असता हे आधी सांगायला हवे. ते सांगता येत नसेल तर श्रद्धा ठेवायला कुणाची आडकाठी नाही, पुरावा हा शब्द मात्र सोडावा लागतो.

हे नुसते तर्कात राहू नये म्हणून एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत हृदयाची बायपास शस्त्रक्रिया होणाऱ्या 1802 रुग्णांवर प्रार्थनेचा प्रयोग केला. निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांचे तीन गट होते. एका गटासाठी इतरांनी प्रार्थना केली, दुसऱ्यासाठी केली नाही, आणि या दोन्ही गटांना आपण कुठल्या बाजूला आहोत हे ठाऊक नव्हते. तिसऱ्या गटासाठी प्रार्थना झाली आणि तसे त्यांना सांगितलेही होते. पहिल्या गटात 52 टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली, दुसऱ्यात 51 टक्के. म्हणजे फरक नाही. तिसऱ्या गटात मात्र 59 टक्के. आपल्यासाठी प्रार्थना करावी लागते आहे म्हणजे प्रकृती फारच बिघडली असावी, अशी धास्ती त्यामागे असेल असा एक तर्क तेव्हा मांडला गेला. नास्तिकांनी हा निकाल देवाच्या नसण्याचा पुरावा म्हणून मिरवला, आस्तिकांनी देवाची परीक्षा घेऊ नये म्हणून तो झटकला. दोघांचेही चुकले असे मला वाटते. परक्याच्या प्रार्थनेने शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत कमी होते, हा दावा मोजता येण्यासारखा होता. ती कमी झाली असती तर या आकड्यांत दिसली असती. तेव्हा त्या दाव्यापुरते हे शून्य दुरुस्त मीटरवरचे शून्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. पण रुग्णालयातली गुंतागुंत कमी करतो तोच देव, अशी व्याख्या कुणी केलेली नव्हती. म्हणून देव आहे की नाही या प्रश्नाला तो मीटर जोडलेलाच नव्हता. एकाच निकालातून एका प्रश्नाला ठाम उत्तर मिळते आणि दुसऱ्याला स्पर्शही होत नाही, यात विसंगती काही नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मीटर तपासायला दिवे असतात, शेजारी मल्टिमीटर असतो. देवाच्या बाबतीत दुसरा मीटर आणायचा कुठून? आणि मल्टिमीटर तरी बरोबर आहे हे कुणी तपासले? तर्कशास्त्रात याला अनवस्था म्हणतात, आणि ती टाळण्यासाठीच मीमांसकांनी ज्ञान स्वतःच प्रमाण असते, दोष दिसला तरच ते अप्रमाण ठरते, अशी भूमिका घेतली. नैयायिकांनी प्रामाण्य बाहेरून ठरते असे म्हटले. गॅरेजमध्ये मात्र ही साखळी अनंत लांबत नाही. बंद ट्रॅक्टरची भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना 14 च्या जवळपास, दिव्याचा उजेड, स्टार्टरचा जोर: एकमेकांवर अवलंबून नसलेल्या या चार-पाच गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात, आणि तेवढ्यावर कुठलाही समंजस माणूस थांबतो. अखेरचा, कुणीही न तपासलेला महामीटर कुठेच लागत नाही. धर्माच्या क्षेत्रात अशा स्वतंत्र साक्षी कमी आहेत हे मी मान्य करतो. पण ती कमतरता माझ्या दाव्याला छेद देत नाही. साक्षी कमी असतील तर अट आधी जाहीर करण्याची गरज उलट वाढते.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे, आणि तो भक्तांपेक्षा साधकांकडून येतो. ते म्हणतील की आम्ही देवाला बाहेर मोजतच नाही. मन निवांत होते, तिथे जे उरते ते स्वतःसिद्ध आहे, त्याला प्रमाण लागत नाही. ‘अनुभवामृता’त ज्ञानेश्वरांनी शून्यवादाला जो प्रश्न टाकला आहे त्याचा रोखही याच बाजूचा आहे: काहीच नाही असे ठरवायलासुद्धा जाणणारा कुणीतरी मागे उरतोच. हा मुद्दा मी खोडू शकत नाही आणि खोडायचाही नाही. फक्त मनाच्या निवांतपणाबद्दल तोच जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. शांत झालेले मन आणि बधिर झालेले मन आतून पाहणाऱ्याला सारखेच शून्य दाखवतात. हे मी बाहेरून लादत नाही, परंपरेनेच ते ओळखले आहे. गौडपादांच्या कारिकांमध्ये निरोधलेले मन आणि गाढ झोपेतले मन वेगळे मानले आहे, आणि साधनेत मन लयात बुडू लागले तर त्याला जागे करावे असा स्पष्ट आदेश आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कृष्ण स्थिर बुद्धीचा विषय काढतो तेव्हा अर्जुन त्या स्थिरतेचे वर्णन ऐकून समाधान मानत नाही; तो विचारतो की असा माणूस बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा. आतल्या शून्याची साक्ष त्याला पुरेशी वाटत नाही, त्याला बाहेर काटा कसा हलतो ते हवे आहे. आणि कृष्णही त्याला हा प्रश्न विचारू नकोस असे म्हणत नाही; दुःखात, सुखात, रागाच्या आणि भीतीच्या प्रसंगात असा माणूस कसा वागतो हेच सांगू लागतो. दिवे लावून पाहण्याचा हा प्रकार आहे. ज्याच्या शांतीला शेजाऱ्याच्या आक्रोशानेही ओरखडा उठत नाही, त्याच्या शांतीबद्दल शंका घ्यायला साधकांच्याच ग्रंथांनी आपल्याला जागा करून दिली आहे.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. जुन्या ट्रॅक्टरच्या मीटरमधून सगळा चार्जिंगचा प्रवाह जातो, त्यामुळे आतली पट्टी किंवा टर्मिनल गंजून तुटले तर चार्जिंगच बंद पडते. तेव्हा पुष्कळ जण मीटरच्या मागच्या दोन्ही तारा एकाच टर्मिनलवर जोडून टाकतात. प्रवाह मीटरला वळसा घालून जातो, बॅटरी भरते, ट्रॅक्टर उत्तम चालतो, काटा मात्र कायमचा शून्यावर. मग मीटर लागतो कशाला? श्रद्धेचेही असेच आहे, ती जगायला बळ देते, पुराव्याच्या खटाटोपात कोण पडतो, असा या आक्षेपाचा इशारा असतो. मी याला अप्रामाणिक म्हणणार नाही. कितीतरी भली माणसे अशीच जगली आणि चांगली जगली. वारीला जाणाऱ्याला विठ्ठलाने काय दाखवले असे विचारले तर बहुतेकांना तो प्रश्नच गैरलागू वाटेल, आणि त्यांचे बरोबर आहे. तारा एकत्र केल्या म्हणजे मीटरने बोलण्याचा हक्क सोडला, एवढे ज्याला ठाऊक आहे त्याचे काही बिघडत नाही. बिघडते ते डायल चकचकीत पुसून, नवी काच बसवून ट्रॅक्टर विकायला काढला आणि गिऱ्हाईकाला बोट दाखवून सांगितले की बघा, काटा शून्यावर आहे, बॅटरी ठणठणीत आहे, तेव्हा. तारा जोडणाऱ्याने त्या डायलवर निदान एक चिकटपट्टी लावून ठेवावी. पुढच्या मालकाला मागे वाकून पाहायचे सुचेलच असे नाही.